अठरा किलो लोखंडाची गोष्ट



आज आधी एक कबुली देतो, मग पुढचे सांगतो. दर आठवड्याला तुम्हाला चार शहाणपणाच्या गोष्टी सांगणारा मी, माझ्याच घरात केवढा मोठा अडाणीपणा करून बसलो आहे, ते तुम्हाला कळलेले बरे.

आमच्या वडिलांची, म्हणजे आबांची, एक काळी सायकल होती. अठ्ठावीस इंची चाके, रॉडचे ब्रेक, मागे रुंद लोखंडी कॅरिअर. एका साली भुईमूग बरा पिकला, तेव्हा त्या पैशांतून आबांनी ती घेतली होती. त्या सायकलवरून घरचे दूध डेअरीवर गेले. कडबा कापायचे पाते धारेला गेले. आईला ताप भरला तेव्हा तिला मागे बसवून, स्वतः सायकल हातात धरून, आबा तिला तालुक्याच्या दवाखान्यात घेऊन गेले. आम्ही भावंडे मधल्या त्रिकोणातून पाय घालून तीवर शिकलो आणि गुडघे फोडून घेतले. आबा गेले आणि सायकल गोठ्यात गेली, खताच्या पोत्यांच्या मागे.

2009 सालच्या दिवाळीआधी घराची साफसफाई चालली होती. दारावरून भंगारवाला चालला होता, त्याला हाक मारली. त्याने टायर-ट्यूब काढून बाजूला टाकली, सीट उपटून फेकली आणि उरलेली सायकल काट्याला अडकवली. अठरा किलो भरली. बारा रुपयांनी दोनशे सोळा रुपये झाले. त्यातले सोळा मीच सोडून दिले. त्या दिवशी वाटले, चला, गोठ्यातली अडगळ गेली.

यंदा संक्रांतीला पुतण्या आला. तो पुण्याला कारखान्यात नोकरीला आहे आणि रविवारी मित्रांबरोबर सायकलवरून लांब लांब जातो. तिळगूळ घेता घेता त्याने विचारले, "तात्या, आबांची सायकल कुठंय?"

मी म्हणालो, "दिली."

"कुणाला?"

"भंगारात दिली. गंजून चालली होती."

पोरगा काही बोलला नाही. हातातला तिळगूळ तसाच ताटात ठेवला. संध्याकाळी ओट्यावर माझ्याशेजारी येऊन बसला आणि मोबाईलवर एक फोटो दाखवला. एका दगडी चौकात चार-पाच माणसे गुडघे टेकून बसली होती, आणि मध्ये भिंतीला टेकवलेली एक जुनी सायकल. कुणी नळीच्या सांध्यावरून बोट फिरवतोय, कुणी चाकाच्या तुंब्यात डोकावतोय, कुणी चष्मा वर करून दातऱ्यावरची अक्षरे वाचतोय. मंडळी, आपण जत्रेत खिल्लार बैल कसा बघतो? शिंगे बघतो, खूर बघतो, वशिंडावरून हात फिरवतो, मागून जाऊन चाल बघतो. अगदी तसे. मी विचारले, "ही काय भानगड आहे?" तेव्हा त्याने जे सांगितले, आणि नंतर मी स्वतः जे वाचले, ते आज तुमच्यापुढे ठेवतो.

इटली देशात तोस्काना नावाचा मुलूख आहे. डोंगरउताराचा, द्राक्षाच्या मळ्यांचा आणि ऑलिव्हच्या झाडांचा. त्यातल्या कियांती भागात गायोले नावाचे एक छोटे गाव आहे. दर वर्षी ऑक्टोबरच्या सुरुवातीला तिथे सायकलवाल्यांची यात्रा भरते. तिचे नाव 'लेरोइका', म्हणजे 'शूरांची'. 1997 साली जानकार्लो ब्रोच्ची या गृहस्थांनी ती सुरू केली. पहिल्या वर्षी आले अवघे 92 जण. आता जगभरातून हजारो येतात.

या यात्रेचा नियम ऐकण्यासारखा आहे. सायकल 1987 सालच्या आतल्या बनावटीची हवी. गिअर बदलायची दांडी हँडलवर चालणार नाही, ती पुढच्या तिरप्या नळीवरच हवी. पायडलला जुन्या पद्धतीच्या जाळ्या आणि चामडी पट्टे हवेत. ब्रेकच्या तारा हँडलच्या पट्टीखाली लपवलेल्या नकोत, बाहेर दिसल्या पाहिजेत. माणसे अंगात जुन्या धाटणीची लोकरीची बंडी घालतात, आणि पंक्चरसाठी जादा टायर खांद्यावर आडवा अडकवून निघतात. पहिला कोण, दुसरा कोण, याला तिथे महत्त्व नाही. वाटेत थांब्यावर पाव, ऑलिव्हचे तेल, शिळ्या पावाचे आणि भाजीचे घट्ट कालवण मिळते, आणि त्या मुलखाची रीत म्हणून द्राक्षाची वाइनही. सर्वांत लांबचा फेरा दोनशे किलोमीटरच्या वर आहे. पहाटे अंधारात निघालेला माणूस परतेपर्यंत पुन्हा अंधार पडतो.

आता तुम्ही विचाराल, हा खटाटोप कशासाठी? तर ब्रोच्चींच्या मनात जुन्या सायकलींबरोबर जुन्या वाटाही होत्या. कियांतीतल्या वाटा डांबरी नव्हेत, पांढऱ्या खडीच्या. उन्हाळ्यात पांढरा फुफाटा आणि पावसात चिखल. त्या कुणी घातल्या? शेतकऱ्यांनी. तोस्कानात पिढ्यान् पिढ्या अर्धेलीची शेती चाले. जमीन मालकाची, कष्ट कुळाचे आणि पीक निम्मे निम्मे. दर टेकडीवर एक कुळाचे घर आणि घरापासून मळ्यापर्यंत एक पांढरी वाट. दुसरे महायुद्ध संपले आणि तरुण माणसे कारखान्यांकडे निघाली. 1964 साली अर्धेलीचे नवे करार करायला कायद्याने बंदी आली. घरे ओस पडली. कुठे वाटांवर झुडपे माजली, कुठे डांबर आले. या पांढऱ्या वाटा राहाव्यात म्हणून ही यात्रा निघाली. त्या मार्गावर आता कायमच्या पाट्या आहेत. 2007 पासून याच वाटांवर नामांकित स्वारांची मोठी शर्यतही होते आणि ती सिएना शहराच्या मध्यवर्ती चौकात संपते.

इथे मला तुमच्या मनातले कळते आहे. आपली पाणंद पावसाळ्यात गुडघाभर चिखलात जाते, उसाची गाडी रुतते, बाळंतिणीला खाटेवरून आणावे लागते. आपल्याला कसले कच्च्या वाटेचे कौतुक? खरे आहे. मीही ग्रामसभेत पाणंदीसाठी भांडलेला माणूस आहे आणि पुन्हा भांडेन. कच्ची वाट चांगली असे मी म्हणत नाही. पण आपल्या बापजाद्यांनी घातलेली एखादी गोष्ट टाकायची की राखायची, याचा विचार त्या लोकांनी बसून केला. मी केला नाही. मी फक्त काट्यावरचा आकडा बघितला.

आता ती माणसे गुडघे टेकून एवढे काय बघतात, ते सांगतो. हे तुम्हाला घरबसल्याही बघता येईल.

तुमच्या घरी जुनी काळी सायकल असेल तर तिच्या हँडलखाली बघा. जिथे आडवी नळी आणि तिरपी नळी पुढच्या उभ्या नळीला मिळतात, तिथे एक वेगळी टोपीसारखी बाही दिसेल. तिला लग म्हणतात. नळ्या त्या बाहीत बसवायच्या, सांधा लालबुंद तापवायचा आणि पितळ लावायचे. पितळ वितळून नळी आणि बाही यांच्या बारीक फटीत आपोआप पाझरते, जसे ढेकळात पाणी चढते. उष्णता कमी पडली तर पितळ आत जात नाही, जास्त झाली तर नळी जळून कच्ची होते. सगळा खेळ कारागिराच्या नजरेचा. लोखंडाचा रंग बघून त्याला कळते, आता पुरे.

कारखान्यातली साधी सायकल इथेच तयार होते. पण शर्यतीची सायकल करणारा कारागीर त्यानंतर कानस घेऊन बसतो. बाहीच्या कडा घासून घासून कागदासारख्या पातळ करतो, टोके पानासारखी अणकुचीदार काढतो, कुठे बदामाचा तर कुठे फुलीचा आकार कोरतो. रंग दिल्यावर नळीतून जणू पान फुटले आहे असे दिसते. आपल्याकडचा सुतार बैलगाडीच्या साट्यावर नक्षी काढायचा ना, तोच हा हात. नक्षी नसती म्हणून गाडी चालायची थांबली नसती. पण नक्षी काढणारा सुतार आसाचे भोकही नीट पाडतो, हे आपल्याला ठाऊक असते. म्हणून तर आपण नक्षी बघतो.

नळीचीही एक गंमत आहे. इंग्लंडात बर्मिंगहॅम शहरात रेनॉल्ड्स नावाचे घराणे खिळे बनवायचा धंदा करीत होते. त्यांनी 1897 साली एका युक्तीचा हक्क नोंदवला. ती अशी की नळीच्या भिंती दोन्ही टोकांना जाड ठेवायच्या आणि मध्ये पातळ करायच्या. सांध्याच्या जागी जोर जास्त येतो, तिथे लोखंड हवे. मध्ये जोर कमी, तिथे ते नुसते ओझे. बाहेरून बघाल तर नळी सगळीकडे सारखीच, सगळा फरक आतून. पुढे 1935 साली त्यांनी '531' नावाची पोलादी नळी काढली, आणि इटलीत मिलान शहरात कोलंबस नावाच्या नळ्या निघाल्या. या चांगल्या नळ्यांची भिंत मध्यभागी एक मिलिमीटरपेक्षाही पातळ असते. तरी ती सत्तर-ऐंशी किलोच्या माणसाला डोंगर चढवते आणि उतरवते.

आता दुसरी गोष्ट. तुमच्या गावातल्या पोरांकडे हल्ली गिअरच्या सायकली दिसतात. त्यांतल्या काहींचे पुढचे चाक किंवा सीट, बारकी मूठ उलटी केली की पान्याशिवाय सुटते. ही मूठ कुठून आली ठाऊक आहे?

इटलीत विचेन्झा गावी तुल्लिओ काम्पान्योलो नावाचा तरुण होता. 1901 चा जन्म, वडिलांचे लोखंडी सामानाचे दुकान आणि पोराला सायकल शर्यतीचा नाद. तेव्हा शर्यतीच्या सायकलला आजच्यासारखे गिअर नव्हते. मागच्या चाकाला दोन्ही बाजूंना एकेक दातरा असे. चढ आला की खाली उतरायचे, चाकाचे पंखाचे नट सोडायचे, चाक काढून उलटे बसवायचे आणि पुन्हा आवळायचे. असे सांगतात की 1927 च्या नोव्हेंबरात क्रोचे दाउने नावाच्या घाटात शर्यत होती आणि बर्फ पडत होते. नट गोठले, तुल्लिओची बोटे बधिर झाली, नट काही सुटेना. बाकीचे पुढे निघून गेले आणि याची शर्यत हातची गेली. तेव्हा तो स्वतःशी म्हणाला, या सायकलच्या मागल्या अंगाला काहीतरी बदल केलाच पाहिजे.

आपल्यापैकी एखादा नशिबाला शिव्या देऊन घरी आला असता. हा दुकानामागच्या खोलीत जाऊन खटपट करीत बसला. त्याने आस पोकळ केला, त्यातून एक सळई घातली आणि टोकाला मूठ लावली. मूठ एका बाजूला वळवली की चाक घट्ट, दुसऱ्या बाजूला वळवली की मोकळे. 1930 साली त्याचा हक्क नोंदवला आणि 1933 साली स्वतःचा कारखाना काढला. पुढे 1950 च्या सुमारास त्याने साखळी एका दातऱ्यावरून दुसऱ्यावर सरकवणारे मागचे यंत्र आणले. ते समांतरभुज चौकोनासारखे दबते आणि उघडते. शाळेत भूमितीच्या तासाला काढतो तोच चौकोन. आज गावातल्या पोरांच्या सायकलच्या मागच्या चाकाशी जे लोंबते, ते त्याच कुळातले. तुल्लिओ 1983 साली वारला, पण त्याच्या नावाचे जुने सुटे भाग आजही शौकीन हुडकत फिरतात. एखादा जुना तुंबा हातात घेतात आणि आस दोन बोटांनी फिरवून बघतात. छर्रे इतके एकसारखे घासलेले असतात की फिरताना आवाज येत नाही, नुसते लोण्यासारखे जाणवते. तोच आस बिघडला तर सगळा खोलता येतो, छर्रे बदलता येतात, नवे ग्रीस भरता येते. पन्नास वर्षांपूर्वीचा तुंबा आजही उघडतो आणि पुन्हा चालतो. या भागांवर माणसे भाळतात ती चकाकी बघून, हे खरे. पण त्यांचा खरा जीव यात आहे की ही वस्तू उघडायला आणि दुरुस्त करायला केलेली आहे.

तिसरी गोष्ट आपल्यासारख्याच एका घरातली. मिलानजवळ कांबियागो नावाच्या खेड्यात कोल्नागो हे शेतकरी कुटुंब होते. त्यांचा मुलगा एर्नेस्तो कोवळ्या वयातच मिलानच्या एका सायकल कारखान्यात जोडकामाला लागला. 1954 साली त्याने गावातच स्वतःचे छोटे दुकान थाटले. असे सांगतात की पोराला काम करायला बाक हवा म्हणून बापाने दारचे तुतीचे झाड तोडून दिले. मंडळी, शेतकरी बाप दारचे झाड सहज तोडत नाही, हे तुम्हाला मी सांगायला नको. त्याच एर्नेस्तोने केलेल्या सायकलवर बेल्जियमच्या एडी मर्क्सने 25 ऑक्टोबर 1972 रोजी मेक्सिको शहरात एका तासात 49 किलोमीटर 431 मीटर अंतर कापले आणि जगाचा विक्रम केला. त्या सायकलचे वजन किती होते? पावणेसहा किलोच्या आसपास. वजन कमी व्हावे म्हणून कारागिराने साखळीच्या पट्ट्यांनासुद्धा भोके पाडली होती.

हे वाचले तेव्हा माझ्या मनात अठराचा आकडा आला. पावणेसहा किलोची सायकल लोक काचेच्या कपाटात ठेवून बघतात, आणि आमची अठरा किलोची मी काट्याला लावली. वजन जितके कमी तितके तिचे मोल जास्त, आणि मी मात्र वजन जास्त भरले म्हणून खूश झालो होतो.

माझ्या लेकी-सुनांसाठीही एक गोष्ट राखून ठेवली आहे. अल्फोन्सिना स्त्रादा नावाची बाई 1891 साली इटलीत गरीब शेतमजुराच्या घरी जन्मली. सांगतात की बापाने कोंबड्यांच्या बदल्यात एक मोडकी सायकल घरी आणली आणि पोरगी तीवर शिकली. गावाने नावे ठेवली. 1924 साली तिने पुरुषांच्या सर्वांत मोठ्या शर्यतीत, इटलीभरच्या शर्यतीत, भाग घेतला. एका दिवशी वादळवाऱ्यात ती पडली आणि हँडल मोडले. तेव्हा झाडूचा दांडा घेऊन तिने हँडल बांधले आणि पुढे निघाली. ठरलेल्या वेळेत न पोहोचल्याने तिला क्रमांकातून वगळले, पण चालायची परवानगी दिली, आणि ती शेवटपर्यंत गेली. 90 जण निघाले होते, त्यांतल्या 30 पुरुषांनीच शर्यत पुरी केली. झाडूच्या दांड्याने संसार सावरणाऱ्या बायका आपल्याकडे घरोघरी आहेत, म्हणून ही गोष्ट सांगितली.

अशा सायकलींना त्या देशात देवळातही जागा मिळाली आहे. कोमो सरोवराच्या वरच्या डोंगरात गिझाल्लो नावाच्या ठिकाणी मेरीमातेचे एक लहानसे देऊळ आहे. 1949 साली पोपने तिला सायकलस्वारांची रक्षणकर्ती म्हणून जाहीर केले. आपल्याकडे नवस फेडायला देवळात घंटा बांधतात, तशा तिथे भिंतींवर सायकली टांगलेल्या आहेत. फाउस्तो कोप्पीसारख्या नामवंत स्वारांच्या सायकली तिथे आहेत. हा कोप्पीही कास्तेल्लानिया नावाच्या डोंगरी खेड्यातल्या शेतकऱ्याचा मुलगा. लहानपणी खाटकाच्या दुकानाचा माल सायकलवरून घरोघरी पोचवायचा. पुढे जगजेता झाला आणि 1960 साली, अवघ्या चाळिसाव्या वर्षी, वेळेवर न ओळखलेल्या हिवतापाने गेला. त्याच देवळात फाबिओ कासार्तेल्ली या तरुणाची मोडलेली सायकलही आहे. तो 1995 साली फ्रान्सच्या शर्यतीत उतारावर पडून गेला. वाकडी झालेली ती सायकल कुणी सरळ केली नाही, रंगवली नाही. जशी होती तशी ठेवली.

आमच्या घरातून हे सगळे ऐकून झाल्यावर एकच वाक्य आले, "पोट भरलेल्यांचे चोचले आहेत ते." यात खोटे काही नाही. त्या यात्रेला जाणारे बहुतेक जण सुखवस्तू असतात, आणि एकेका जुन्या भागासाठी आपल्या हंगामाच्या खर्चाएवढे पैसे मोजणारेही त्यांत असतात. आपल्याला ते करायचे नाही. आणखी एक स्पष्ट सांगतो, म्हणजे कुणी फसणार नाही. हा लेख वाचून घरातल्या काळ्या सायकलचे लाख रुपये येतील असे समजू नका. लाखोंच्या संख्येने निघालेली ती सायकल आहे. तिला किंमत आहे ती तुमच्या घरात, बाजारात फारशी नाही.

पण कदर करणारे आपल्याकडेही आहेत. एके काळी सायकलींचे शहर म्हणून पुण्याचे नाव होते. तिथे कर्वेनगरात एका सायकलवेड्या गृहस्थाने जुन्या सायकलींचे संग्रहालय उभे केले आहे. पुण्याला दवाखान्याच्या किंवा कोर्टाच्या कामाला गेलात तर वेळ काढून बघून या. लहान मुले असतील तर अवश्य न्या.

आता कामाचे बोलू. तुमच्या माळ्यावर, गोठ्यात किंवा विहिरीच्या खोपीत जुनी सायकल पडली असेल, तर एवढे करा.

पहिले, तिला गोठ्यातून आणि खताच्या पोत्यांजवळून हलवा. गोमूत्राची वाफ आणि रासायनिक खत, दोन्ही लोखंडाला खातात. आमची सायकल गंजली ती याच दोहोंमुळे. कोरड्या जागी आढ्याला टांगा, म्हणजे टायरही बसणार नाहीत.

दुसरे, लगेच रंगाचा डबा आणू नका. जुना रंग, त्यावरच्या सोनेरी रेघा, पुढच्या नळीवरचा कंपनीचा पत्रा, नगरपालिकेचा पितळी बिल्ला असेल तर तो, हे सगळे एकदा गेले की परत येत नाही. शिलाई मशीनच्या तेलाने फडके ओले करून हलक्या हाताने पुसा. गोडेतेल लावू नका, ते वाळून चिकट होते आणि धूळ धरते.

तिसरे, आखडलेल्या भागांवर हातोडा घालू नका. सीटची दांडी किंवा नट हलत नसेल तर तेल सोडून रात्रभर ठेवा, सकाळी हळूहळू फिरवा, नाही सुटले तर पुन्हा तेल. आणि एक लक्षात ठेवा, डाव्या पायडलचे आटे उलटे असतात. उजवे पायडल नेहमीसारखे डावीकडे फिरवून सुटते, डावे मात्र उजवीकडे फिरवावे लागते. हे ठाऊक नसल्याने कित्येकांनी जोर लावून आटे खराब केले आहेत.

चौथे, साखळी काढून डिझेलमध्ये भिजवा आणि ब्रशने घासा. चुलीपासून लांब बसा आणि पोरांना जवळ येऊ देऊ नका. चाकांचे तुंबे स्वतःला जमत नसतील तर सायकल दुकानात नेऊन ओव्हरऑइल करून घ्या. जुने वाळलेले ग्रीस काढून नवे छर्रे टाकायला फार खर्च येत नाही. रिमचा आउट काढून घ्या. हे काम येणारे म्हातारे मिस्त्री गावोगावी अजून आहेत. ते असेपर्यंतच करून घ्या, आणि नेताना घरातल्या एखाद्या पोराला बरोबर न्या. मिस्त्री तारा कशा आवळतो, कुठली सैल करतो, हे त्याला बघू द्या. वहीत लिहून येणारी ही विद्या नाही.

पाचवे, चामड्याची सीट असेल तर उन्हात आणि पावसात ठेवू नका. खालच्या अंगाने थोडे मेण किंवा बुटाचे पॉलिश लावा.

आणि सहावे, सर्वांत महत्त्वाचे. एका कागदावर लिहून ठेवा, सायकल कुणी घेतली, कोणत्या साली, कशाच्या पैशांतून, तिच्यावरून कोण कुठे गेले. घरातल्या वडीलधाऱ्यांना आजच विचारा. आबांनी आमची सायकल नेमक्या कोणत्या साली घेतली, हे आज मला सांगता येत नाही. विचारायला आता कुणी राहिले नाही.

पुतण्या जायच्या दिवशी मी गोठ्याच्या माळ्यावर चढलो. भंगारवाल्याने फेकलेली सीट तरी असेल, असे वाटले होते. नव्हती. पण आढ्याच्या खिळ्याला आबांचा हवा भरायचा पंप टांगलेला सापडला. सायकलबरोबर तो नव्हता, म्हणून वाचला. दांडा ओढून बघितला तर हवा धरीना. आतले चामड्याचे वायसर वाळून कडक झाले होते. पुतण्याने ते काढले, वाटीभर तेलात रात्रभर बुडवून ठेवले आणि सकाळी बसवले. पहिल्या दोन-तीन झटक्यांना नुसता फुसफुसला, मग हवा धरली. पोराने शेजारच्या मुलीच्या शाळेच्या सायकलची दोन्ही चाके त्या पंपाने भरून दिली.

पंप आता ओसरीवर टांगला आहे. ज्याला लागेल तो येऊन नेतो आणि परत आणून अडकवतो. भंगारवाला अजूनही महिन्या-दोन महिन्यांनी दारावरून जातो. तुमच्याही दारावरून जात असेल. त्याला हाक मारण्याआधी एकदा आत जाऊन बघा, एवढेच सांगायचे होते.

बरे, येतो. पुढच्या आठवड्यात भेटूच. रामराम.